कोरी माशांच्या टँकला तळाशी काय घालू? कन्हानची रेती, सॉइल की आणखी काही?

तिसरामाळा
५ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नागपुरात मनीषनगरला तिसऱ्या माळ्यावर राहतो. घरी दोन फुटी टँक आहे. त्यात सहा पेपर कोरी (तळाशी फिरणारे मिशीवाले छोटे मासे), थोडे टेट्रा मासे आणि कसेबसे जगणारे दोन ॲन्युबिया, म्हणजे पाण्यातली झाडं. तळाला पांढऱ्या संगमरवरी चिप्स. घेताना दुकानदाराला विचारलं होतं, कोरीला चालतील ना? "सगळं चालते." मागच्या महिन्यात लाइट लावून नीट पाहिलं तर दोघींच्या मिशा अर्ध्याच राहिल्यात, एकीची एक बाजू तर पार सपाट. बायको म्हणते, हिला न्हाव्याकडे नेलं होतं का.

आता तीन फुटी टँक (३६ × १५ × १८ इंच) करून घेतलाय. अजून कोरडाच आहे. डोक्यात तीन गोष्टी आहेत: विकतचं ॲक्वासॉइल, साधी रेती, किंवा खाली गच्चीवरच्या कुंडीतली माती आणि वरून रेती. झाडं मनापासून हवीत, क्रिप्ट, व्हॅलिस, एखादं ॲमेझॉन स्वोर्ड. पण कोरी आधी. पाणी बोअरचंही येतं आणि नळाचंही.

काय करू?

खवलेकर
६ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

आधी त्या चिप्स काढा, बाकीचा धागा नंतर वाचा.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी आणखी जड करतो. बोअरच्या पाण्याला ती मदत नकोच आहे. मिशांचं म्हणाल तर सगळं खापर टोकांवर फोडू नका. चिप्सच्या फटीत खाणं पडतं, तिथे कोरीचं तोंड पोचत नाही, ते सडतं, आणि कोरी दिवसभर हनुवटी त्याच घाणीवर घासत फिरते. खरचटलेल्या जागी जंतू शिरले की मिशी झडते. तळाची घाण नळीने ओढून काढायचा सायफन शेवटचा कधी केला होता, खरं सांगा.

कोरी मूळची दक्षिण अमेरिकेची. वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसायचं, घास घ्यायचा, खाण्यासारखं तेवढं ठेवायचं आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायची, ही तिची रीत. हे एकदा पाहिलं की चिप्सवर कोरी ठेवणं म्हणजे कोंबडीला फरशीवर ठेवून उकरायला सांगणं वाटतं.

शंकासुर
६ फेब्रुवारी, सकाळी ९.०२

असहमत. माझ्याकडे ब्राँझ कोरी सहा वर्षं ३ मिलिमीटरच्या गोल खड्यांवर आहेत, मिशा शाबूत. "रेती नसेल तर कोरी ठेवूच नका" हे लोक एकमेकांचं ऐकून लिहितात.

खवलेकर
६ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

तुमचे खडे गोल आहेत आणि सायफन तुम्ही दर रविवारी करता, हे मला ठाऊक आहे. म्हणून मिशा आहेत. पण मिशा शाबूत असणं वेगळं आणि रेती चाळायला मिळणं वेगळं. एक काम करा. स्टीलच्या थाळीत दोन बोटं रेती घालून टँकच्या कोपऱ्यात ठेवा आणि काय होतं ते इथे प्रामाणिकपणे लिहा.

झाडवेडी
६ फेब्रुवारी, दुपारी १.२०

तिसरामाळा, मी झाडांच्या बाजूने लिहिते, कारण इथे माशांचे वकील पुष्कळ आहेत.

ॲक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या. मुळं छान धरतात, खत आतच असतं, पाणी किंचित आम्लाकडे नेतात. पण तुमच्या बाबतीत तीन अडचणी. एक, चांगल्या सॉइलमधून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो. तेवढे दिवस कोरी आत सोडता येणार नाही, जुना टँक चालू ठेवावा लागेल. दोन, बोअरचं पाणी. सॉइल पाण्यातला जडपणा शोषून पीएच खाली धरते, आणि पाणी जितकं जड तितकी तिची ताकद लवकर संपते. ज्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाही त्यात महागडी सॉइल टाकणं मला तरी जिवावर येतं. तीन, गोळ्या दीडदोन वर्षांत भुगा व्हायला लागतात, आणि खाली उकरणारे मासे असतील तर आणखी लवकर.

हिशेबही पाहा. तुमचा तळ साधारण ९१ गुणिले ३८ सेंटिमीटर. सरासरी ५ सेंटिमीटर थर म्हटला तरी १७ लिटर, म्हणजे ९ लिटरच्या दोन पिशव्या.

गच्चीवरची माती घालण्याबद्दल मात्र एकच शब्द: नको.

तिसरामाळा
६ फेब्रुवारी, रात्री १०.०५

खवलेकर काका, सायफनचं उत्तर देत नाही, समजून घ्या. चिप्स उद्या निघतील.

झाडवेडी ताई, माती का नको? डायना वॉलस्टॅड यांच्या पद्धतीत तर इंचभर माती आणि वर इंचभर खडी असते ना? माझ्या कुंडीत मस्त काळी माती आणि शेणखत आहे, टमाटे पाहा कसे लागतात.

झाडवेडी
६ फेब्रुवारी, रात्री १०.५०

टमाटे लागतात म्हणूनच नको. शेणखत पाण्याखाली गेलं की अमोनिया आणि शेवाळ. हा उद्योग मी धरमपेठच्या घरी करून बसले आहे. पंधरा दिवसांत काच हिरवी, आणि आई रोज विचारायची, यात मासे आहेत की पालक?

आणि आपली काळी माती म्हणजे कापसाची माती. पाणी प्याली की फुगते, सुकली की भेगाळते. टँकमध्ये ती चिकट लगदा होऊन बसते, हवा खेळत नाही, जरा धक्का लागला की चहासारखं पाणी. शिवाय विदर्भातल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, म्हणजे पुन्हा जडपणा. माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आपल्याच अमरावती रोडवर आहे, पण त्यांना हे विचारायला जाऊ नका, हसतील.

वॉलस्टॅड पद्धत चांगलीच आहे, पण वर शांत मासे हवेत. कोरी आणि लोच असे तळाचे मासे वरची रेती उकरत राहतात. त्यात चिवड्याच्या डब्याचा नियम लागतो: डबा हलत राहिला की बारीक मसाला खाली आणि शेंगदाणे वर. जाड मातीवर बारीक रेती घातली की वर्षभरात मातीचे खडे वर दिसायला लागतात.

कन्हानकाठ
७ फेब्रुवारी, सकाळी ६.४५

भाऊ, मी कामठीचा, धंदा बांधकामाचा. मासे नंतर आले, रेती आधीपासून आहे आयुष्यात. कन्हानची रेती असताना विकतच्या पिशवीच्या मागे काऊन लागून राहिले?

कन्हान सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून येते. रेती मुख्यतः गारेच्या दगडाची, नदीत घासून घासून कडा गेलेली. रंग बदामी. त्यात थोडं अभ्रक चमकते, त्याला घाबरायचं कारण नाई. साइटवरून आणा, पण पाहून आणा. सिमेंट सांडलेल्या ढिगाची नको, सिमेंटनं पाण्याचं वाटोळं होते. आणि आजकाल ढीग रेतीचा म्हणतात अन् निघते चुरी. गिट्टी फोडून केलेली, काळपट, बोटाला टोचते. ती प्लास्टरला ठीक, मिशांना नाई. मुठीत घेऊन कानाजवळ चोळा. चुरी करकर करते, नदीची रेती सरसर करते.

चाळायची अशी: पहिले गव्हाची चाळणी. वर राहिलं ते फेका. खाली पडलं ते पिठाच्या चाळणीतून काढा. या खेपेला खाली पडलं ते फेका, वर राहिलं ते तुमचं. मधला दाणा भेटते, साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर. चाळण्या घरच्या घेऊ नका. मी घेतल्या होत्या. दोन दिवस जेवण बाहेर केलं.

तुम्हाला धुतलेली २७-२८ किलो लागंल. चाळण्यात निम्मी जाते, म्हणून चार घमेले आणा.

पुण्याची_आत्या
७ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

रेती म्हणजे आमची वाळूच ना? की विदर्भात काही वेगळी असते?

कन्हानकाठ
७ फेब्रुवारी, सकाळी ८.१४

वाळूच आहे आत्याबाई. फक्त आमची चांगली आहे.

खवलेकर
७ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

कन्हानकाठ, चाळणीचा भाग मी वहीत उतरवून घेतला.

एक भर. रेतीत शिंपल्यांचे आणि चुनखडीचे तुकडे असू शकतात. ओंजळभर कोरडी रेती काचेच्या वाटीत घ्या, वर व्हिनेगर ओता, कान आणि डोळे जवळ न्या. बुडबुडे फसफसले तर चुना आहे. व्हिनेगर जरा मवाळ असतं, त्यामुळे दोनचार मिनिटं थांबा. बाथरूमच्या ॲसिडने लगेच कळतं, पण ते गॅलरीत, हातमोजे घालून, आणि तपासलेली रेती टँकमध्ये अजिबात टाकायची नाही. एखाददुसरा बुडबुडा आला तर फार मनावर घेऊ नका. वाटीभर फेस आला तर दुसरा ढीग शोधा.

धुणं हे खरं काम. एका वेळी पाव बादलीच घ्या, नळी तळापर्यंत खुपसा, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओता. पंधरा-वीस वेळा. "आता झालं" असं वाटेल तेव्हा आणखी तीनदा. कोरडी रेती चाळताना तोंडाला रुमाल बांधा, गारेची धूळ फुप्फुसाला वाईट.

शंकासुर
७ फेब्रुवारी, रात्री ९.२५

थाळीचा निकाल. दुपारी चारला ठेवली. साडेचारला सहाच्या सहा कोरी थाळीत. एक तर डोळ्यांपर्यंत आत, कल्ल्यांतून रेतीचा धूर निघतोय. बाकीचा तीन फूट टँक मोकळा. सहा वर्षं यांना मी खड्यांवर फिरवलं.

असहमती मागे घेतो. पण एक शंका ठेवतो, नाहीतर नाव बदलावं लागेल. बारीक रेतीत खाली हवा जात नाही, तिथे सडक्या अंड्याचा वास येणारा वायू तयार होतो आणि मासे मरतात, असं वाचलंय. त्याचं काय?

खवलेकर
७ फेब्रुवारी, रात्री १०.१०

हायड्रोजन सल्फाइड. होतो, पण त्याच्या नावाने जेवढी भीती आहे तेवढा तो मारत नाही. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात आला की लवकर मोडून जातो. रेतीत काडी खुपसली की येणारा प्रत्येक बुडबुडाही तो नसतो. नाकाला विचारा.

त्रास कधी होतो? थर चार-पाच इंचाचा, दाणा मैद्यासारखा, वर झाडं नाहीत, आणि वर्षभर कुणी हात लावला नाही, अशा वेळी. पुढे इंचभर आणि मागे अडीच इंच ठेवा. मुळं स्वतः खाली ऑक्सिजन सोडतात, कोरी वरचा थर हलवतात, आणि खालचा थर हलवायला शंखवाले गोगलगाय आहेतच, ते लांबट टोकदार कवचाचे. दिवसा रेतीत पुरून असतात. कुठल्याही झाडाबरोबर फुकट येतात आणि नको म्हटलं तरी जात नाहीत.

झाडवेडी
८ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

हरकत नाही, रेती जिंकली. पण रेतीत खत शून्य असतं हे कुणीच म्हणत नाहीये. क्रिप्ट आणि स्वोर्ड मुळांनी जेवणारी झाडं आहेत. नुसत्या रेतीत स्वोर्ड तीन महिने आधीच्या पुण्याईवर जगेल आणि मग पानं पिवळी.

दोन उपाय. पहिला, रूट टॅब, म्हणजे मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या. दर दोन-तीन महिन्यांनी झाडाच्या बुडाशी, पण दोन इंच खोल. वरवर खोचलीत तर कोरी रात्रीतून काढून ठेवतात आणि सकाळी पाणी हिरवं.

दुसरा माझा लाडका. चहाचे कुल्हड घ्या, किंवा दिवाळीच्या मोठ्या पणत्या. रंग न लावलेल्या. त्यात मूठभर ॲक्वासॉइल, त्यात क्रिप्ट, वरून रेती आणि खालचा थर उकरला जाऊ नये म्हणून दोनचार गोल गोटे. कुल्हड रेतीत काठापर्यंत पुरायचा. सॉइल डब्यात बंद, रेती बाहेर मोकळी, दोघांचं भांडणच नाही. सॉइलही लिटर-दीड लिटरमध्ये भागते, त्यामुळे अमोनियाही बेताचा. तरी कोरी सोडण्याआधी टेस्ट किट लावाच. झाडांचे टँक सजवणारे जपानी कलाकार ताकाशी अमानो, त्यांच्या कित्येक टँकांत पुढे नुसती रेती आणि मागे वेगळ्या कप्प्यात सॉइल दिसते. त्यांनी दगडांचा बांध घातला, आपण कुल्हड पुरतो.

ॲन्युबिया आणि जावा फर्न रेतीत पुरू नका. त्यांचं आडवं खोड पुरलं की कुजतं. लाकडाला दोऱ्याने बांधा. तुमचे "कसेबसे जगणारे दोन" चिप्सखाली गाडलेले आहेत ना?

तिसरामाळा
८ फेब्रुवारी, दुपारी १२.४५

ताई, तुम्हाला कसं कळलं??

खवलेकर
८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

सगळे तळात गुंतलेत म्हणून आता विषयाबाहेरचं, पण खरं तर विषय हाच आहे. तिसरामाळा, पेपर कोरी ही थंड पाण्याची मासोळी. २० ते २४ अंश तिला मानवतं. तिसरा माळा, वर गच्ची, मनीषनगर, मे महिना. तुमच्या टँकचं पाणी ३३ वर जाईल. रेती कितीही मऊ असो.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. कोरी मधूनच वर झेप घेऊन हवा गिळते, आतड्यातून श्वास घेते, ते तिचं नेहमीचंच आहे. पण दर मिनिटाला झेपा सुरू झाल्या की समजा, पाणी तिला पुरत नाही.

नागपूरला तळाचे मासे नव्याने घेणाऱ्याला मी स्टर्बाई कोरी सांगतो, २८ पर्यंत निवांत असते. ब्राँझही काटक. कुली लोच ३० पर्यंत कुरकुर करत नाही आणि रेतीत अशी शिरते की महिनाभर दिसत नाही. पांडा आणि पेपर मात्र इथे उन्हाळाभर सांभाळाव्या लागतात.

शंकासुर
८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०

स्टर्बाईला आता कोरीडोरास म्हणायचं नाही. २०२४ मध्ये त्या वंशाचे (genus) तुकडे केले, ती होप्लिसोमा झाली. पेपरसुद्धा. तुमची ब्राँझ ऑस्टिओगॅस्टर.

कन्हानकाठ
८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२२

आमच्याकडे गल्लीचं नाव बदललं तरी रिक्षावाल्याला जुनंच सांगा लागते.

तिसरामाळा
८ फेब्रुवारी, रात्री ११.००

सहा पेपर देऊन टाकायला मन होत नाही. मुलीने नावं ठेवलीत. उन्हाळ्याची काही सोय?

खवलेकर
९ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

टँक हॉलमध्ये कूलरच्या खोलीत, भिंतीच्या आतल्या बाजूला मांडा. झाकण काढून जाळी, आणि पाण्यावर तिरका एक छोटा पंखा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंश उतरतं. ही युक्ती मुंबईत चालत नाही, इथे चालते.

पण रोज पाणी घटेल. भर बोअरच्या पाण्याची घालू नका. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आणि वरून तुम्ही आणखी क्षार ओतता. भरीला आरओचं पाणी वापरा.

तिसरामाळा
२ मार्च, रात्री १०.३०

वृत्तांत.

कन्हानकाठ भाऊंनी सांगितलेल्या कानाच्या परीक्षेत पहिला ढीग नापास झाला, चुरीच होती. दुसरा बेसा रोडच्या एका साइटवर मिळाला. वॉचमनला खूप वेळ समजावलं की घर बांधत नाहीये, माशांसाठी आहे. त्याने चार घमेले दिले आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

व्हिनेगरमध्ये तीन-चार बुडबुडे, बस. धुवायला दोन रविवार. झाडवेडी ताईंचे कुल्हड पाच पुरलेत, तीन क्रिप्ट, एक स्वोर्ड, एक रिकामा, कारण मुलीला तो गुहा म्हणून हवा होता. पाणी ओतताना रेतीवर ताट उपडं ठेवलं, तरी दोन दिवस धुकं होतं, मग फिल्टरने साफ केलं. जुन्या टँकचा स्पंज नव्या फिल्टरमध्ये लावला. अमोनिया शून्य दिसल्यावर काल कोरी सोडल्या.

पकडताना एकीचा कल्ल्यामागचा काटा जाळीत अडकला. कात्रीने जाळी कापावी लागली. काटा बोटाला लागला तर चांगलंच झोंबतं, तेव्हा पुढच्या वेळी डबा.

सोडल्यावर दहा मिनिटं कोपऱ्यात. मग एकीने तोंड खुपसलं. बायको भाजी टाकून पाहायला आली.

झाडवेडी
२ मार्च, रात्री १०.४५

क्रिप्टची पानं गळाली तर उपटू नका! जागा बदलली की ती रुसतात, मुळं जिवंत असतात. महिनाभर थांबा.

पुण्याची_आत्या
३ मार्च, सकाळी ९.३०

वाचनखूण साठवली. पणत्यांची आयडिया उचलते आहे.

तिसरामाळा
३० मे, दुपारी ३.१०

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) चालू आहे, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही. कूलर आणि पंखा मिळून पाणी २८-२९ वर धरलंय. १८ तारखेला दुपारी चार तास लाइट गेली तेव्हा ३२ झालं होतं. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, तरी दुसऱ्या दिवशी एक कोरी गेली. जिची मिशी पार सपाट होती तीच. मुलीला अजून सांगितलं नाही, ती मोजते तेव्हा मी म्हणतो एक गुहेत असेल.

दुसरीच्या मिशा मात्र वाढल्या आहेत. पूर्ण नाहीत, पण लाइटमध्ये दोन बारीक टोकं स्पष्ट दिसतात. रेतीत कुठेही काळं नाही, वास नाही. क्रिप्टने सगळी पानं टाकली आणि आता नवी काढतेय. स्वोर्ड पाण्याबाहेर यायला निघालाय.

आता एकच अडचण. चाळून उरलेली दीड घमेलं जाड रेती गच्चीवर पडून आहे, आणि सोसायटीचे सेक्रेटरी रोज विचारतात, बांधकाम कुठलं चाललंय? कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फुकट. पोतं आपलं आणा.

झाडवेडी
३० मे, दुपारी ३.२५

मला अर्धं पोतं. बाहेरच्या कुंड्यांना लागेलच. पाऊस पडला की येते, आत्ता नाही.